डावा हात राखून ठेवा

माणूस समोर आला की आमचे डॉक्टर आधी त्याचा हात बघायचे, तोंड नंतर. नाव विचारायचं बहुतेकदा राहूनच जायचं. पेशंट खुर्चीत नीट टेकायच्या आत त्याचा डावा हात उताणा करून टेबलावर ठेवून घ्यायचे, मनगटापासून कोपरापर्यंत अंगठा फिरवायचे आणि मग म्हणायचे, "हं. आता बोला." सहा महिन्यांनी तोच माणूस लोणावळ्याच्या बाजारात भेटला, हसला, तर यांच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण म्हणून नाही. मी हळूच सांगायचे, "सर, ते वळवणचे. मनगटाशी नसेला दोन फाटे होते ते." की लगेच डोळे चमकायचे. "अरे वा, दाखवा बघू हात!" मग त्या बिचाऱ्याला भाजीची पिशवी खाली ठेवून भर बाजारात बाही वर करावी लागे.

मी त्यांच्या हाताखाली अठरा वर्षं काम केलं, निम्मा वेळ ऑपरेशन थिएटरात आणि निम्मा डायालिसिसच्या खोलीत. लहान हॉस्पिटलात एका सिस्टरला दोन्हीकडे पळावं लागतं. आता गुडघे बोलतात. डॉक्टरांना जाऊन दोन वर्षं होतील, पण अजूनही एखादी नवी मुलगी सलाइन लावायला पेशंटचा डावा हात पुढे ओढायला लागली की माझ्या तोंडून ओरडा बाहेर पडतो, "डावा नको! डावा राखून ठेव!" तो आवाज माझा नाही, त्यांचा आहे. मला इतकं ओरडायचं बळ आता कुठून येणार?

ज्यांच्या घरात हे दुखणं शिरलेलं नाही त्यांनी देवाचे, निसर्गाचे, ज्याचे मानत असतील त्याचे आभार मानावेत. किडन्या बंद पडल्या की आठवड्यातून दोन-तीनदा अंगातलं रक्त यंत्रातून फिरवून, धुऊन परत अंगात घालावं लागतं. त्यासाठी रक्त जोरात वाहणारी नस लागते, आणि तशी नस कातडीखाली कुणालाच जन्मतः नसते. ती करावी लागते. हातातली धमनी आणि नस एकमेकींना शिवून टाकायची. मग धमनीच्या जोराने ती नस फुगते, दीड-दोन महिन्यांत जाड सुया सोसण्याइतकी घट्ट होते. त्याला फिस्टुला म्हणतात. आमच्या हॉस्पिटलात मात्र सगळे 'हात करणं' म्हणायचे. याचा हात झाला, त्याचा हात व्हायचाय. ज्या हाताने माणूस जेवतो, लिहितो तो सोडून दुसरा करायचा, म्हणजे बहुतेकांचा डावा. आणि त्या हाताच्या नसा आधीच सलाइन लावून, रक्त काढून खराब केल्या असतील तर शिवायला काही उरत नाही. म्हणून डॉक्टरांचा तो जप.

"खालून वर चढायचं," असं ते पेशंटच्या नातेवाइकांना सांगायचे. "हा घाट आहे. आधी मनगट. ते बंद पडलं तर कोपर. मग दंड. नस उरलीच नाही तर कृत्रिम नळी कातडीखाली घालू. पण वरून सुरुवात केली तर खालचा रस्ता गेला म्हणून समजा." आणि कुणी म्हणालं की डॉक्टर, मानेत नळी घालतात म्हणे, तिच्यावर लगेच डायालिसिस होतो, चिरफाड कशाला? तर चष्मा काढून त्या माणसाकडे बघत राहायचे. "मानेतली नळी म्हणजे लॉजची खोली. एखाद-दुसरा मुक्काम ठीक आहे. तिथे संसार मांडतात का?" लोणावळ्याच्या माणसाला लॉजचं उदाहरण समजावून सांगावं लागत नाही.

हात करण्याआधी नस जरा उठून यावी म्हणून पेशंटला रबरी चेंडू दाबायला सांगतात. डॉक्टर बायकांना चेंडू द्यायचेच नाहीत. "डाव्या हाताने भाकरी थापा. वाकडी झाली तर नवऱ्याला वाकडी खायला सांगा." एकदा द्रुतगती मार्गावर उर्सेच्या टोलनाक्यावर गाडीचा टॅग वाचला जाईना म्हणून तिथल्या मुलीने यंत्र घेऊन हात पुढे केला, तर यांनी काच खाली करून सांगितलं, "नस फार छान आहे हो तुमची. तापात सलाइन लावलीच तर उजव्याला लावून घ्या." ती मुलगी घाबरून सुपरवायझरला बोलवायला गेली. मागे गाड्यांची रांग, आणि शेजारच्या सीटवर शरमेने मान खाली घातलेली मी. माझ्या भाचीच्या लग्नाला तळेगावच्या विहारात आले होते, तिथेही तेच. वंदना झाली, लग्न लागलं, मंडळी जेवायच्या रांगेत उभी राहिली आणि डॉक्टर ताट हातात घेऊन प्रत्येकाला विचारत निघाले, "शुगर आहे का? मग डावा हात जपा." आमचे आबा मला म्हणाले, "तुझे डॉक्टर चांगले आहेत गं, पण यांना कुणीतरी जेवू घाला."

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. नव्या नर्सेस सुई मारताना पेशंटला "दुखणार नाही हं" म्हणतात. डॉक्टरांनी ते ऐकलं की संपलं. "सुई हातात असताना खोटं बोलायचं नाही. हात हलतो." मला त्या वेळी हे उगाचच वाटायचं. खोटं बोलूनही माझा हात कधी हलला नव्हता.

कुरवंड्याच्या मावशी आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार डायालिसिसला यायच्या. उन्हाळ्यात पर्यटकांना करवंदं-जांभळं विकायच्या, बाकी वेळ सगळ्यांच्या चौकश्या करायच्या. डॉक्टरांनी त्यांचा डावा हात मनगटाशी केला होता आणि तो इतका छान झाला होता की नवीन पेशंटना दाखवायला आम्ही मावशींनाच पुढे करायचो. फिस्टुला चालू असला की बोटाखाली थरथर लागते, मांडीवर मांजर घुरघुरतं तशी. मावशी रोज सकाळी मनगट कानाला लावून ऐकायच्या आणि मगच चहा घ्यायच्या.

एका मंगळवारी मावशी आल्या त्या दोन्ही हातांत कोपराच्या जरा खालपर्यंत हिरव्या बांगड्या भरून. बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी बांगड्यांखाली बोट सरकवलं. थरथर नव्हती. कासाराने हात दाबून दाबून घट्ट चुडा भरला होता आणि मावशींनी तो तीन दिवस तसाच ठेवला होता.

"हात दुखत नव्हता का मावशी? काढायच्या ना!"

"आवो शिस्टर, हिरवा चुडा हाय, असा कसा काडनार? लगनात मावशीचा हात मोकळा बरा दिसतोय व्हय?"

नस बंद पडली होती. वर्षभराची कमाई तीन दिवसांत गेली. मावशींच्या मानेत नळी घालावी लागली आणि कोपराशी नवा हात करायचं ठरलं. मला वाटलं डॉक्टर आता हॉस्पिटल डोक्यावर घेतील.  ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात कासाराच्या दुकानात गेले आणि आपला डावा हात पुढे करून म्हणाले, "भरा."

हे मला कासारानेच नंतर सांगितलं. तो म्हणाला, "सिस्टर, मला वाटलं डॉक्टरांचं डोकं फिरलं. पण ते म्हणाले, किती जोर लावता, कुठे दाबता, मला कळू दे. मग काय, भरल्या तीन." त्यानंतर तो कासार चाळिशीपुढच्या प्रत्येक बाईला बांगड्या भरण्याआधी विचारायला लागला, "ताई, हातात मशीनची नस नाही ना?" बायका चिडायच्या, पण तो अजूनही विचारतो.

डॉक्टर त्या तीन हिरव्या बांगड्या घेऊन थिएटरात आले. निघेनात. साबण लावला, तेल लावलं, पंजा मोठा, हाड जाड. हात धुतल्याशिवाय ऑपरेशनला उभं राहता येत नाही, आणि टेबलावर तळेगावचे एक मास्तर झोपलेले. शेवटी मी त्यांचा हात मोठ्या दिव्याखाली धरला, वर गॉज ठेवला आणि चिमट्याने एकेक बांगडी फोडायला लागले.

"वाढवा म्हणा सिस्टर. कासार म्हणाला, फोडा म्हणायचं नसतं."

हसत हसत मी काचा टिपत होते आणि टिपता टिपता माझी नजर त्यांच्या कोपराच्या घडीत गेली. सुईच्या खुणा. काही जुन्या, तपकिरी झालेल्या, एक कालचीच. अठरा वर्षं मी त्या हाताने काय चाललंय ते बघत होते. हात त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

ऑपरेशन संपल्यावर मी दार लावून घेतलं. "सर, हे काय आहे?"

"शुगर आहे ना मला. किडनीचं दर महिन्याला बघावं लागतं."

"स्वतःचं रक्त स्वतः काढता? डाव्या हातातून?"

"उजव्याने काढायचं तर डाव्यातूनच निघणार, सिस्टर."

मी रिपोर्टातला आकडा विचारला. त्यांनी सांगितला. तो आकडा दुसऱ्या कुणाचा असता तर त्याच दिवशी त्यांनी त्याला हात करायची तारीख दिली असती आणि तारीख न घेणाऱ्याला खोलीबाहेर जाऊ दिलं नसतं.

"मला सांगितलं असतं तर मी उजव्यातून काढलं नसतं का?"

"तुम्ही बोलला असता."

"कुणाजवळ बोलले असते?"

"माझ्याजवळच. रोज."

मग मी खरंच रोज बोलायला लागले. राग आला होता मला, आणि तो अजून पुरता गेलेला नाही. जगाला डावा हात राखायला सांगणारा हा माणूस, आपलं दुखणं लपवायचं म्हणून आपलाच डावा हात टोचत बसला होता. कुणापासून लपवत होता? घरी कुणी नव्हतं. पत्नी कधीच गेल्या होत्या, मुलगी परदेशात. तुंगार्लीच्या त्या बंगल्यात ते, एक स्वयंपाकीण आणि बागेतली माकडं. मी म्हणायचे, सर, पुण्याला जाऊन हात करून घ्या, दोन महिने तरी लागतात तयार व्हायला, हे तुम्हीच सांगता ना? ते म्हणायचे, यादी संपू दे.

यादी म्हणजे हात व्हायच्या पेशंटची यादी. कामशेत, वडगाव, खाली खोपोली, कुठून कुठून लोक यायचे, आणि आमच्या भागात हे काम हातोटीने करणारे ते एकटेच. चार नावं कमी झाली की पाच वाढायची. ती यादी कधी संपणार होती? "हात केला की बोटं गार पडतात, कधी बधिर होतात," ते एकदा म्हणाले. "माझा उजवा सुई धरतो, डावा नस धरतो. यंत्राला द्यायला तिसरा कुठून आणू?"

व्हायचं तेच झालं. महिन्याभरातच एका सोमवारी त्यांना श्वास घेता येईना. पुण्याला नेलं, आणि बारा दिवसांनी ते परत आले ते गळ्याला मफलर गुंडाळून. वैशाखातलं ऊन. वॉर्डबॉयपासून सगळे मफलरकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. मी औषधांच्या कपाटात काहीतरी शोधत असल्याचं दाखवायचे.

मंगळवारी त्यांना आमच्याच खोलीत, मावशींच्या शेजारच्या खाटेवर झोपवलं. मफलर काढावाच लागला. मानेतून निघालेली नळी, तिचे दोन फाटे, लाल आणि निळं टोक. खोलीतले सगळे पेशंट छताकडे बघायला लागले. मावशी मात्र मान वळवून नीट बघत राहिल्या.

"आवो डाक्टर, तुमी बी लॉजवर?"

 मग डॉक्टर हसले. असे हसले की मानेतली नळी हलली आणि यंत्र केकाटायला लागलं. मी धावले.

"हो मावशी," ते म्हणाले. "लोकांची घरं बांधता बांधता राहूनच गेलं."

"मंग बांधा की आता."

"आधी तुमचं. तुमचा कोपर व्हायचाय."

"माजं ऱ्हाऊ द्या. मला कुटं कुनाचं हात करायचं हायती? करवंदं तर इकायची. तुमचं आदी करा."

"तुमची तारीख ठरलीये," डॉक्टर म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

त्यांच्या हाताखाली शिकलेला एक सर्जन पुण्याहून त्यांना बघायला आला. सोनोग्राफीचं यंत्र फिरवलं. डाव्या मनगटाची धमनी शुगरने कडक झालेली. कोपराची नस तर सुतळीसारखी. "इथे कुणी इतकं टोचलंय?" तो म्हणाला. डॉक्टर खिडकीबाहेर बघत राहिले, मी माझ्या चपलांकडे. मग त्याने उजवा हात बघितला आणि त्याचा चेहरा उजळला. "उजवा फार छान आहे, सर. या गुरुवारीच करून टाकू."

"या गुरुवारी मावशी आहेत. पुढच्या गुरुवारी घ्या माझा उजवा."

मी मध्ये पडले. "मावशींचंही हेच डॉक्टर करतील की, सर."

"त्यांचं मनगट मी केलं होतं. पुढचा रस्ता मला माहीत आहे."

लोक आता याला त्याग म्हणतात. हॉस्पिटलात त्यांचा फोटो लावला तेव्हा भाषणांत हा शब्द पाच-सहा वेळा आला. मला विचाराल तर त्यात निम्मा हट्ट होता. उजवा हात एकदा यंत्राला दिला की पुन्हा केसाहून बारीक धागा त्यात ठरेल की नाही, याची त्यांना खात्री नव्हती, आणि एक शेवटचं काम त्यांना आपल्या हाताने करायचं होतं. मी त्यांच्यापुढे हात जोडायला हवे होते. हॉस्पिटलच्या मालकांना सांगायला हवं होतं. मी फक्त थिएटरच्या फळ्यावर दोन्ही नावं लिहिली. या गुरुवारी, मावशी, डावा कोपर. पुढच्या गुरुवारी, सर, उजवा हात.

मावशींचं ऑपरेशन जागेपणीच झालं, फक्त हात बधिर केलेला. डॉक्टर पहिल्यांदाच स्टुलावर बसून काम करत होते. तासाभराच्या कामाला दोन तास लागले. मध्ये मी दोनदा त्यांचं कपाळ पुसलं. शेवटी चिमटे सोडले, रक्त आत धावलं, त्यांनी माझं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

"लागते?"

"लागते, सर."

"मावशी, झालं तुमचं घर," ते म्हणाले, पण स्टुलावरून लगेच उठले नाहीत.

शनिवारी त्यांना थंडी वाजून ताप भरला. नळीतून रक्तात जंतू गेले होते. हेच ते आम्हाला अठरा वर्षं सांगत होते. पुण्याला नेलं, बुधवारी गेले. गुरुवारी सकाळी मी थिएटरात आले तर फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, सर, उजवा हात. दिवसभर मी ते पुसलं नाही. शुक्रवारी कुणीतरी पुसलं.

दोन महिन्यांनी मावशींचा कोपर तयार झाला. नस अशी उठून आली होती की लांबून दिसावी. मानेतली नळी काढायची तर आधी हातावर डायालिसिस नीट होतोय हे बघायचं, म्हणून पहिल्या सुया मी मारायला बसले. पहिली सुई सहज गेली. मावशी सुईकडे नव्हे, शेजारच्या खाटेकडे बघत होत्या. तिथे आता खोपोलीचा एक रिक्षावाला झोपलेला असे.

मी दुसरी सुई उचलली.

"शिस्टर," मावशी म्हणाल्या, "माजा हात आदी केला म्हून त्येंचा ऱ्हायला का वो?"

सुई माझ्या बोटांत होती. मी ती परत ट्रेमध्ये ठेवली. हात रिकामे झाल्यावर मावशींच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "नाही मावशी. तुमच्यामुळे नाही."

मग सुई पुन्हा उचलली.